कांताबाई असं बोलणारच नाही

मंडळी, सकाळपासून मनात पाल चुकचुकतेय.

सुनेचा पीएचडीचा प्रबंध सोमवारी जमा करायचाय. बुवापाड्यातल्या कामगार बायकांवर आहे. शेवटची नजर टाकताना मला आमच्या शेजारच्या कांताबाईची मुलाखत दिसली: "मला आर्थिक विवंचना भासत असे."

म्हटलं, "सुजाता, ती बोलली तेव्हा मी तिथेच होतो. 'डाळीत पाणीच जास्त असायचं गं पोरी,' म्हणाली होती. हे कुणाचं?"

तिने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, कॉपी-तपासणीत येणारे टक्के शब्द बदलून कमी करायला फाइल कॅम्प दोन भागातल्या टायपिंगवाल्याच्या दुकानात दिलेली. त्याने मुलाखतीपण बदलल्या वाटतं."

आता रेकॉर्डिंग ऐकून एकेक वाक्य परत घालतेय. "सोमवार हुकला तर हुकला," म्हणते.

मला मात्र उरलेल्या पानांचाही भरवसा वाटेना. दुकानातून आलेली फाइल तुम्ही पुन्हा वाचता का हो?