घड्याळाविरुद्ध सपत्नीक: देवगाव रंगारीची मोहीम

स्वस्ति श्री. सकलगतिरोधकमर्दन, चतुर्थगियरपराङ्मुख, अखंडहॉर्नधारी, सिडकोनिवासी अशा अस्मादिकांनी सौभाग्यवती सुलभा यांच्यासमवेत, आपल्या राखाडी, वयोवृद्ध हॅचबॅकमध्ये आरूढ होऊन, देवगाव रंगारीच्या माळावरील हौशी मोटारस्पर्धेस प्रयाण केले. त्याचा हा यथातथ्य वृत्तान्त.

अनभिज्ञांसाठी सांगतो: या स्पर्धेत गाड्या एकमेकींना भिडत नाहीत. एकेक गाडी आखलेल्या मार्गावर सोडतात आणि प्रतिस्पर्धी एकच, घड्याळ. गतवर्षी त्याने माझा असा पराभव केला की मी सर्वांत शेवटी गणला गेलो. म्हणून यंदा सुलभाने भर पंगतीत घोषणा केली, "आता पुन्हा शेवटचे आलात, तर गाडी विलासभावजींना देऊन टाकायची. त्यांच्या मुलीला क्लासला होईल." विलासराव म्हणजे आमचे साडू. माझ्या मुखात श्रीखंड असल्यामुळे आक्षेप नोंदवता आला नाही.

प्रातःकाळीच निघावे. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात एका वेळी एकच वाहन मावते आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की इतिहासचिंतनास पुष्कळ अवधी मिळतो. अलीकडच्या वळणावर पेरू घ्यावेत. तिखटमीठ मागितल्याशिवाय देत नाहीत. खुलताबादेत भद्रा मारुतीसमोर नतमस्तक झालो. साक्षात पवनपुत्र तेथे निवांत पहुडलेला आहे. वेगाच्या अधिष्ठात्यानेच विश्रांती स्वीकारलेली पाहून माझे अंतःकरण सद्गदित झाले.

"तुमच्या गाडीचं कुलदैवत," सुलभा म्हणाली.

वेरूळ मागे टाकून कसाबखेड्याहून पुढे गेलो की देवगाव. सीमारेषेजवळचा मंडप सोडल्यास माळावर सावली नाही. टोपी आणि पाणी आपलेच न्यावे. प्रवेशशुल्कात शिरस्त्राण, भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत आणि चहा अंतर्भूत होता. चहाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. मार्ग चुन्याने आणि प्लास्टिकच्या शंकूंनी आखला होता. शंकू अपुरे पडल्याने अखेरच्या वळणांवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या.

विलासरावही स्पर्धेत होते. ते आमच्या आधी सुटले आणि धुळीच्या मेघातून विजयी मुद्रेने परतले. "साडूभाऊ, डिक्कीतलं सामान काढून ठेवा बरं का. रविवारी येतो न्यायला."

मग आमचा क्रम आला. सत्य तेच लिहितो: प्रारंभ देदीप्यमान होता. पहिला शंकू अक्षत राहिला, दुसरा किंचित हादरला, आणि मी आयुष्यात प्रथमच चतुर्थ गियरचे दर्शन घेतले. तोच समोर एक वृद्ध गृहस्थ अवतरले. धोतर, पागोटे, एका हातात दुधाची किटली. दुसरा हात वर.

"थांबवा!" सुलभा ओरडली.

"घड्याळ चालू आहे!"

"हात केलाय त्यांनी!"

आमच्याकडे रस्त्यावर वयस्क माणसाने हात केला की गाडी थांबते. त्यास नियमावली नसते. माझ्या पायाने मला न विचारता ब्रेक दाबला.

"मंडपाकडंच चालले ना?" आबा काचेतून वाकले. "मंग मलाबी घ्या. चहाचं दूध हाय, लोकं वाट बघायलेत."

"आबा, शर्यत चालू आहे."

"व्हय, पर वाट माझ्याच शेतातली हाय ना. कुनाचे पाव्हणे तुमी?"

"माझं माहेर कन्नडचं," सुलभा उत्तरली, आणि मी मनोमन गाडीची किल्ली विलासरावांच्या हाती ठेवली.

"कन्नडच्या कोनाच्या?"

तेथून दोन मामा, एक चुलतआत्या आणि कुणाचे तरी मोडलेले लग्न यांचा परामर्श घेऊन ही मंडळी परस्परांची नातलग ठरली. दूर स्वयंसेवक प्राणपणाने शिट्ट्या फुंकत होते.

"पोरं लई शिट्ट्या वाजवायलेत," आबा मागच्या आसनावर स्थिरावत म्हणाले. "जरा दमानं हाका, मालक. झाकण ढिलं हाय."

परंतु माझ्यातील क्षत्रिय जागृत झाला होता. मी गती वाढवली, पेंढीच्या वळणावर चक्र सर्वशक्तीने फिरवले आणि मागून 'भळ्ळ' असा ध्वनी आला.

सीमारेषेवर वेळ मोजणाऱ्या तरुणाने हातातल्या घड्याळाकडे पाहिले, आबांकडे पाहिले, रिकाम्या किटलीकडे पाहिले. "काका, दूध?"

आमची वेळ कुणीही विचारली नाही. त्या दिवशी साऱ्या स्पर्धकांनी कोरा चहा प्याला आणि माझ्याकडे पाहत प्याला. आम्ही शेवटचे आलो. आबा मात्र म्हणाले, "गाडी चांगली हाय हो. बसायला लई मऊ."

उन्हात तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीजवळ रविवारी माध्यान्ही विलासराव आले. मी सन्मानपूर्वक किल्ली अर्पण केली. त्यांनी दार उघडले. नाकास रुमाल लावला. दार लावले.

"राहू द्या, साडूभाऊ. पोरगी रिक्षानंच जाते, तेच बरं."

अशा रीतीने गाडी राहिली. दूधही राहिले. खाण्याचा सोडा, कॉफीची पूड, कापूर, कडुलिंबाची धुरी हे सर्व उपचार झाले. धुलाईकेंद्रातला म्हणतो, "सीट काढावी लागंल काका, पर परत बसंल का सांगता येत नाय." सुलभाने रिक्षावाला बांधून घेतला आहे. कुणास उपाय ठाऊक असल्यास खाली लिहावे. व्हिनेगर सुचवू नये, त्याने गाडीत लोणच्याची भर पडली आहे. काचा लावाव्यात तर आत श्वास घेववत नाही, आणि उघड्या ठेवाव्यात तर सोसायटीतली मांजरे येऊन बसतात. सध्या दोन आहेत. हॉर्नला दाद देत नाहीत.