मधेच तुटलेला फॉर्म

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरला आलो. पुढे क्लासेससाठी बाहेरगावच्या मुली येऊ लागल्या, तेव्हा दोन खोल्यांत खाटा टाकून मी त्यांना ठेवून घेऊ लागले. माझी मुलगी नांदेडला कॉम्प्युटर शिकली. एका क्लासने प्रवेशाचे फॉर्म इंटरनेटवरून घ्यायचं काम तिला दिलं. फॉर्म घेणारा सर्व्हर तिने स्वतःच लिहिला. आमच्या घरात बसून भरलेले फॉर्म त्यात नीट उतरत.

आलेले फॉर्म ती छापून देई, ते वेगळे करायचं काम माझ्याकडे होतं. राहायची सोय पाहिजे असं लिहिलेले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. मी चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. शिरूर अनंतपाळकडच्या एका मुलीने घरची हकीकत लांबलचक लिहिली होती. शेवटची ओळ होती, ‘वडील नाहीत, आई रोजाने जाते, मला राहायला जा’. शब्द तिथेच अर्धा तुटला होता. खालचे सगळे रकाने कोरे होते.

मला ते खटकलं. पण दोनच दिवसांपूर्वी मी कॉम्प्युटरबद्दल काहीतरी विचारलं, तर मैत्रिणीसमोर माझी मुलगी म्हणाली होती, “आई, तुला न्हाई कळायचं त्यातलं. चहा टाक.” दोघी हसल्या होत्या. मी तो कागद बाकीच्यांत ठेवला.

क्लास सुरू झाले त्या दिवशी दुपारी ती मुलगी आईबरोबर वळकटी घेऊन दारात उभी राहिली.

“क्लासवाले राहायच्या यादीत नाव न्हाई म्हणले, म्हणून घरोघर इचारत आलो,” आई म्हणाली. “लेकीनं फारमात लिवलं व्हतं की, अक्का.”

खाटा भरल्या होत्या. मी त्यांना जेवू घातलं. सोय नाही तर क्लास नाही, असं म्हणून त्या परतीच्या बसला निघाल्या. मुलगी रडली नाही, वळकटीची दोरी पुन्हा आवळत राहिली. स्वयंपाकघरात एक अंथरूण बसलं असतं, हे मला त्या गेल्यावर सुचलं.

संध्याकाळी मी माझ्या मुलीला सगळं सांगितलं. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग मला समजावल्यासारखी स्वतःशीच बोलू लागली. लांबून येणारी माहिती सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, एका दमात येत नाही, तुकड्या-तुकड्याने येते. सर्व्हर ती वाचून बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ठेवतो. एकूण किती येणार हे फॉर्मच्या आधीच कळतं. तेवढं येईपर्यंत परत परत वाचायचं आणि नवा तुकडा आधीच्याला जोडायचा. तिच्या सर्व्हरने एकदाच वाचलं होतं, म्हणून पहिलाच तुकडा उतरला. घरातला फॉर्म एकदम येई, म्हणून चूक दिसली नव्हती.

“मला दिसलं होतं,” मी म्हणाले.

“मग बोलली का न्हाईस?”

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये यादी करणाऱ्या साहेबाने सासूबाईंचं नाव चुकवलं, तेव्हाही मी बोलले नव्हते. तिच्या त्या दिवशीच्या हसण्याचा विषय मला काढता आला असता. मी म्हणाले, “त्या मुलीला फोन लाव. स्वयंपाकघरात झोप म्हणावं.”

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. फोनचा रकाना सगळ्यात खाली होता, कोरा. गावाच्या नावाचा त्याच्या वर, पण तोही कोराच. हकिकतीच्या वर नुसता तालुका होता. जेवताना मी त्यांना गावसुद्धा विचारलं नव्हतं.