बंद दारापुढची माळ

ती बसची कंडक्टर होती आणि डेपोत तिला सगळे डबलबेल म्हणायचे. बस सोडताना ती घंटेची दोरी अशी काही ओढायची की ड्रायव्हरदादा म्हणायचा, "एक दिवस ही घंटा माझ्या टाळक्यात पडणार." तोंडही घंटेसारखंच खणखणीत. पायरीवर लोंबकळणारा कितीही दांडगा असो, तिचे दोन शब्द ऐकले की मुकाट्यानं आत सरकायचा. नवरा लवकर गेला. मुलीला तिनं एकटीनं वाढवलं, तिचं लग्न करून दिलं, आणि मग सुट्टीच्या दिवशी घर तिला खायला उठू लागलं.

चर्चच्या मागच्या खोलीत संत फ्रान्सिसच्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या संसारी माणसांचा एक गट जमायचा. निवृत्त झालेल्या एक नर्सबाई तो चालवायच्या. डबलबेल तिथं पहिल्यांदा गेली ती चहासाठी आणि चार माणसांत बसायला मिळेल म्हणून. पण श्रीमंत बापाचा मुलगा असलेला तो फ्रान्सिस, सगळं सोडून सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारा, तिच्या मनात बसला. बस रस्त्यात बंद पडली की ती प्रवाशांना सांगू लागली, "आमच्या थोरल्या बहिणीची तब्येत आज बरी नाही, सांभाळून घ्या." पुढं तिनं गटात त्या वाटेनं जगण्याचं रीतसर वचन दिलं आणि गळ्यात छोटा लाकडी क्रूस घातला.

नर्सबाईंनी तिच्यावर काम सोपवलं ते बाइंडरबाबांना भेटायचं. चर्चमधली जुनी प्रार्थनापुस्तकं एकेकाळी त्यांनीच बांधलेली. आता नजर अधू, गुडघे गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. कित्येक वर्षांत ते मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, आले नव्हते.

रविवारी मिस्सा आटोपून ती तीन जिने चढून गेली. दार फटीएवढं उघडलं.

"चर्चमधून आलेय, बाबा."

"मग चर्चमध्येच परत जा."

दार आपटलं. डबलबेलच्या तोंडाचा पट्टा सुटला. माणुसकी, म्हातारपण, तिचे दुखणारे पाय, सगळं तिनं त्या दाराला ऐकवलं. शेजारीपाजारी डोकावले. खाली उतरेपर्यंत ती धुमसत होती.

"मी पुन्हा जाणार नाही," तिनं नर्सबाईंना सांगितलं. "दुसऱ्या कुणाला पाठवा."

नर्सबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला. "फ्रान्सिसला खरा आनंद कशात वाटायचा, आठवतं? थंडीत भिजून आपल्याच दाराशी यावं, आतल्यानं चोर म्हणून हाकलावं, आणि तरी मनात कडूपणा येऊ नये. त्यात."

"फ्रान्सिस दिवसभर बसमध्ये उभे राहत नव्हते."

"नव्हते," नर्सबाई हसल्या. "म्हणून तर तुला पाठवलं. तुला माणसांची सवय आहे."

पुढच्या रविवारी ती गेली. दार उघडलंच नाही. परत उतरायचं तर पायांत त्राण नव्हतं, म्हणून ती पायरीवरच टेकली. बसल्या बसल्या पिशवीतली माळ काढून मण्यामण्यावर 'नमो मरिया' म्हणत रोझरीची प्रार्थना करू लागली, हळू आवाजात. पण तिचा हळू आवाज म्हणजे अख्ख्या जिन्याला ऐकू जाणारा. संपल्यावर दाराकडं बघून म्हणाली, "येते, बाबा." या वेळी तिला राग आला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग तेच सुरू झालं. वरच्या मजल्यावरच्या बाई येता-जाता तिला ओलांडून जायच्या. एकदा त्यांनी बसायला उशी आणून दिली. डबलबेलची ड्यूटी बदलली, पाय सुजले, तरी रविवार तिनं चुकवला नाही.

एका रविवारी ती फार दमली होती. डोळे मिटत होते, ओठ नुसते हलत होते. तेवढ्यात आतून आवाज आला.

"एक नमो मरिया गाळलीस."

ती दचकली. "तुम्ही मोजत होता?"

"मोजत नव्हतो. तुझ्याबरोबर म्हणत होतो. तू पुढं गेलीस आणि मी मागं राहिलो."

कडी निघाली. खोलीत पुस्तकं चिकटवायच्या वाळलेल्या खळीचा वास होता, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा गंजत पडला होता. बाबांनी खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि स्वतः खाटेवर बसले. मग त्यांनीच सांगितलं. बायको शेवटच्या आजारात होती. तिला पवित्र तेल लावून शेवटची प्रार्थना करायला या म्हणून त्यांनी चर्चमध्ये निरोप पाठवला, पुन्हा पाठवला. फादर दुसऱ्या दिवशी आले. ती पहाटेच गेली होती.

"रात्रभर दाराकडं बघत होती," बाबा म्हणाले. "मी तिला सांगत होतो, येतील, आत्ता येतील."

डबलबेलनं त्यांचा हात धरला. "चुकलंच ते, बाबा. फार चुकलं."

"इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले आणि रडू लागले.

तिनं घाई केली नाही. मिस्साचं नाव काढलं नाही. खिडकी गच्च बसली होती, ती तिनं खांदा लावून उघडली, गादी उलटी केली, चादर बदलली. महिन्याभरानं बाबाच म्हणाले, "तुमच्या नव्या फादरना जिने चढता येतात का?"

नवे फादर तरुण होते. ते घडलं तेव्हा ते शाळेतही जात नसतील. तरी आल्या आल्या ते खाटेपाशी गुडघ्यावर बसले. "आम्ही वेळेवर आलो नाही, बाबा. मला माफ करा." बाबांनी चाचपडत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग डबलबेल बाहेर थांबली आणि बाबांनी पापनिवेदन केलं. ते इतकं लांबलं की वरच्या बाईंनी दोनदा चहा गरम केला.

पुढच्या शनिवारी त्याच खोलीत मिस्सा झाली. शिकंज्यावर पांढरी चादर अंथरून वेदी केली होती. शेजारी आले, नर्सबाई आल्या, जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरदादा दारात उभा राहिला. बाबांनी बायकोचं नाव मोठ्यानं घेऊन तिच्यासाठी प्रार्थना मागितली. ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला त्यांनी हात पुढं केले. डबलबेलनं खालून आधार दिला.

सगळे गेल्यावर बाबांनी तिला थांबवलं.

"तुमच्या गटातली पुस्तकं फाटली असतील ना?"

"पानं गळतात, बाबा."

"घेऊन ये. डोळे तुझे, हात माझे. जमेल."

ती मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, पुस्तकांचा गठ्ठा आणि ताजी खळ घेऊन गेली. सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागला, आणि त्यावरून बाबांनी तिची यथेच्छ थट्टा केली.