खटपटीचा दांडा आणि मिशीवाल्यांचा शर्ट

भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. आमच्या घरात चोरून ऐकायची गरजच पडत नाही. खाली लाँड्रीचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. वर कुणी पुटपुटलं तरी खाली कळतं. मी दुकानाच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसून कुणाच्या तरी पँटला बटण लावत होते, आणि वर माझा मुलगा नि सून बोलत होते.

"इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घे म्हणावं तिला," मुलगा म्हणत होता. "पंख्याखाली बसायचं, कपडे स्वच्छ राहतात. आणि ही म्हणते मेकॅनिकल! दिवसभर वंगणात हात. मग ते कपडे धुणार कोण? आपणच!"

"जन्मभर दुसरं काय केलंय आपण?" सून म्हणाली. "त्यात दोन जास्त."

"चेष्टा नको करूस. तिला झेपायचं नाही ते."

"मी पहिल्यांदा दुकानात उभी राहिले तेव्हा माझ्याबद्दलही हेच म्हणाला होतात तुम्ही."

मग थोडा वेळ नुसती बादली सरकवल्याचा आवाज. माझ्या मुलाला उत्तर सुचलं नाही की तो बादली सरकवतो. शेवटी न्यायाधीशासारखा म्हणाला, "ठीक आहे. जाऊ दे तिला. पण एक विषय जरी राहिला, तर त्याच दिवशी कॉलेज बंद. माझ्याबरोबर टेबलापाशी उभं राहायचं. आणि संध्याकाळचे कपडे पोचवायला तीच जाणार, कॉलेज असो नसो."

"मग तिलाच सांगा की."

"ऐकलंय, बाबा!" जिन्याच्या खालच्या पायरीवरून आवाज आला. "कबूल!"

ही माझी नात. घरात तिला खटपटी म्हणतो. लहान होती तेव्हा कपड्यांना नंबराची चिठ्ठी टाचायचं यंत्र तिनं उघडून बसवलं, तर एक स्प्रिंग उरली. यंत्र मात्र पहिल्यासारखंच चालायला लागलं. ती स्प्रिंग अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे. कशाची होती ते तिलाही सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

कॉलेज सुरू झालं तशी ती रोज काहीतरी नवीन लागलेलं, खरचटलेलं, काळं झालेलं घेऊन घरी यायला लागली. पहिल्या वर्षी त्यांना लोखंडाचा तुकडा देतात आणि कानशीनं घासून चौकोनी करायला सांगतात. हिनं एक बाजू घासली, ती दुसरीपेक्षा खाली गेली. म्हणून दुसरी घासली. मग पहिली पुन्हा. मोरीतल्या साबणासारखा तो तुकडा झिजत गेला.

"मग सर काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"म्हणाले, आता अंगठीत बसवून घे."

हसली, पण कान लाल झाले होते. पुढचे कितीतरी दिवस दुकानातलं जुनं लोखंडी बिजागर घेऊन मागच्या अंगणात घासत बसली. बिजागर संपलं, तेव्हा तिला चौकोन यायला लागला होता.

अभ्यास करायची तो इस्त्रीच्या टेबलावर. संध्याकाळचे कपडे पोचवून आली की टेबल मोकळं असायचं. त्यावर मोठमोठे कागद पसरायचे, उडू नयेत म्हणून कोपऱ्यावर गार झालेली इस्त्री ठेवायची. समोर मी काज नि बटणं घेऊन. आपण काय शिकलो ते ती मला सांगायची. मला त्यातलं फार काही कळायचं नाही, पण मी मान डोलवायचे. शाळेत मी फार दिवस गेले नाही, पण तिथे जे शिकले त्यात हे एक मला अजून चांगलं येतं. गंमत म्हणजे मला सांगता सांगता मध्येच ती थांबायची, "थांब आजी, हे चुकलं," म्हणायची आणि खोडरबर शोधायची. मी काहीच बोललेली नसायचे.

आता तो दांडा.

दुसऱ्या वर्षी एका विषयाला स्वतः चित्र काढून त्याबरहुकूम वस्तू बनवायची होती. एक चाक, त्याच्या मधोमध भोक, त्या भोकात दांडा, आणि दांड्यावर चाक गरगर फिरायला हवं. एवढंच. हिनं चित्र असं काढलं की भिंतीला लावावं. भोकाचं जे माप, तेच दांड्याचं. मग वर्कशॉपमध्ये लेथवर दोन्ही कापून काढली, अगदी चित्राबरहुकूम, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही. वर्गात इतकं काटेकोर काम कुणाचं नव्हतं. आणि तिथंच घात झाला. बाकीच्या पोरांचे हात सैल, त्यांचे दांडे चुकून थोडे बारीक झाले होते. त्यांची चाकं मजेत फिरली. हिचा दांडा आत जाईचना. चिडून हातोडा मारला, तर अर्धा आत गेला आणि अडकला. आता पुढेही नाही, मागेही नाही. सरांनी उचलून बघितलं, म्हणाले, "दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला बरं आहे." विषय राहिला.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती सरळ दुकानात आली. मला वाटलं, आधी आईला गाठेल, मला मस्का लावेल. तसं काही नाही. माझा मुलगा मिशीवाल्यांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री फिरवत होता. मिशीवाले म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कटकटी गिऱ्हाईक. कॉलरला एक चुणी दिसली की शर्ट परत. मुलाला त्यांचा धाक होता आणि अभिमानही. नव्या माणसाला तो हटकून सांगायचा, "मिशीवाले आमच्याकडेच देतात. आजवर एक कपडा जाळलेला नाही."

तिनं ते अडकलेलं चाक टेबलावर ठेवलं.

"राहिला, बाबा. एक विषय. याच्यामुळे."

मी सुई थांबवली. गल्ल्यापाशी सूनही थांबली. मुलानं चाकाकडे बघितलं, मग पोरीकडे. आता बोलणार, आणि त्यानं एकदा बोललेलं मोडता येत नाही, हे आम्हाला तिघींनाही माहीत होतं.

त्यानं चाक उचललं. दांडा ओढून बघितला, पिळून बघितला.

"का जात नाही आत?"

"दोघांचं माप एकच आहे."

"मग जायला हवं की! माप जुळतंय म्हणूनच जायला हवं."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण आत शिरून फिरायचं असेल तर एकाला थोडं कमी व्हावं लागतं. जागा सोडावी लागते. ती मी सोडलीच नाही. वजन किती पेलेल, वाकेल का, सगळं काढलं मी गणितानं. फक्त हे राहिलं."

"किती जागा?"

"केसाहून कमी."

"केसाहून कमी मोजतात कसं?"

तिनं बांधायच्या कागदावर पेन्सिलीनं काढून दाखवायला सुरुवात केली. तो वाकून बघायला लागला. आणि फिरवायचंच नसेल तर? मग घट्ट ठेवतात. आणि तापलं तर? मग ते वेगळं मोजायचं. तो विचारतोय, ती सांगतेय. बापलेकीचं इतकं सलग बोलणं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

"अरे, काहीतरी करपतंय," मी म्हटलं.

म्हाताऱ्या माणसाकडे कोण लक्ष देतंय. पुन्हा म्हटलं. मग सुनेनं किंकाळी फोडली.

इस्त्री शर्टावरच होती. उचलली, तेव्हा मिशीवाल्यांच्या शर्टाच्या पाठीवर होडीच्या आकाराचा तपकिरी डाग. मुलाचा चेहरा शर्टापेक्षा पांढरा.

मग सून गल्ल्यामागून बाहेर आली, शटर ओढायची आकडीची काठी हातात घेऊन.

"चला. ओढू का शटर?"

"आता? अजून गिऱ्हाईकं यायचीत."

"एक चूक झाली की त्याच दिवशी बंद. तुमचाच कायदा."

"अगं, इतक्या वर्षांत एकदा झालं! एकदा चुकलं म्हणून कुणी..."

आणि तिथं तो थांबला. आमची पोर खाली मान घालून पायातल्या चपलेकडे बघत होती. हसू नये म्हणून, हे मला शपथेवर सांगता येईल.

"ते वेगळं," मुलगा म्हणाला.

"कसं ते सांगा," सून म्हणाली.

त्यानं बराच शोध घेतला. आजूबाजूला बादलीही नव्हती. शेवटी शर्टाची घडी करत, आमच्या कुणाकडेच न बघता म्हणाला, "परीक्षा परत कधी असते?"

मग प्रश्न आला तो मिशीवाल्यांना सांगायचं कुणी. "मी जातो," मुलगा म्हणाला. "नाही," ती म्हणाली, "संध्याकाळचे कपडे माझे." आणि गाठोडं घेऊन निघाली.

परत आल्यावर तिनं सगळं सांगितलं. जळका शर्ट तिनं खाली दडवला नाही, सगळ्यात वर ठेवला.

"कुणी केलं हे?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"बाबांनी. पण मी त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं."

"असं काय बोलत होतीस?"

निघताना ते चाक तिनं पिशवीत टाकलं होतं. तिनं दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि दाराशी उभ्या उभ्या दांडा ओढायला लागले. निघाला नाही, तेव्हा परत केला. म्हणाले, "डाग पाठीवर आहे ना? मग वरून कोट घालीन. पण वडलांना सांग, माझ्याकडे कोट एकच आहे."

परीक्षा तिनं पुन्हा दिली. दुसरं चाक घरी आणलं, तेव्हा मुलानं आधी इस्त्री उभी करून ठेवली, मगच त्याला हात लावला. बोटानं टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. त्यानं पुन्हा मारली. गिऱ्हाईक पावती धरून ताटकळत होतं, त्यालाही त्यानं ऐकवलं, "थोडी जागा सोडावी लागते हो. केसाहून कमी." त्या माणसाला त्याची पँट हवी होती.

पुढची वर्षं सरळ गेली असं म्हणता यायचं नाही, पण विषय राहिला नाही. तिच्यात फरक पडला तो मला दिसला. आधी चित्र सुंदर काढायची आणि मग विचार करायची. आता कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायची आणि किती वेळ रेघच ओढायची नाही. "काय गं, झोप आली?" विचारलं तर म्हणायची, "नाही आजी, हे फिरणार आहे की घट्ट बसणार आहे, ते ठरवतेय." शेवटच्या वर्षी खालच्या वर्गातल्या मुली आपापले कागद घेऊन दुकानात यायला लागल्या. कुणाचं चुकलेलं असलं की ती काही बोलायची नाही, ते अडकलेलं चाक त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "दांडा काढून दाखव." एरवी ते चाक बांधायच्या कागदांवर वजन म्हणून असतं. अजूनही आहे.

पंप बनवणाऱ्या कारखान्यात तिला नोकरी लागली, दुसऱ्या गावी. निघायचं ते सकाळी. आदल्या संध्याकाळी गाठोडं बांधून तयार होतं, आणि माझा मुलगा पायात चपला घालून उभा होता.

"आज राहू दे. बॅग भर जा. मी पोचवून येतो."

"कॉलेज असो नसो, म्हणाला होतात."

"हो, पण कॉलेज संपलं आता."

"म्हणजे नसो," ती म्हणाली आणि गाठोडं उचललं.

तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून ती वळेपर्यंत बघत राहिला. मग आत येऊन, आधीच घडी केलेल्या शर्टांच्या उगीचच पुन्हा घड्या करायला लागला.

ती नेहमीच्या वेळेला परत आली. रिकामे हँगर खिळ्याला अडकवले, गाठोड्याचं कापड झटकून चौकोनी दुमडलं, टेबलाखाली ठेवलं.

"मिशीवाले म्हणतात," ती म्हणाली, "डाव्या बाहीची घडी वाकडी आहे."