कानडी शाळेचे मास्तर

सोलापूरच्या सात रस्ता चौकात भेटले की ते छत्री काखेत मारून हात जोडत आणि विचारत, "काय मास्तर, आज किती पोरं पळवली आमची?" मग स्वतःच खदखदून हसत. ते कानडी शाळेचे, मी मराठी शाळेचा. सोलापूर कुणाचं, हा वाद तेव्हा तापला होता. ज्या शाळेचा पट मोठा, त्या भाषेचं गाव, असा हिशेब. म्हणून सुटीत आम्ही दोघंही दारोदार मुलं मागत फिरायचो. माझी आई कानडी बोलायची, हे मात्र मी आमच्या शाळेतल्या मंडळींना कधी सांगितलं नव्हतं.

एकदा एकाच दारात गाठ पडली. त्यांचा पहिलीचा वर्ग मुलांअभावी बंद पडायला आला होता. खरं सांगतो, मला त्याचा आनंद होता.

घरची बाई म्हणाली, "मराठी शाळा जवळ हाय, पण पोरीला मराठी येत न्हाय की. रडली तर कुणाला कळणार?"

मी पटाची वही चाळू लागलो.

कानडी मास्तरच म्हणाले, "लई लहान हाय ती, जवळच घाला. या मास्तरांना आपली बोली येती."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतक्या भांडणांत एकदाही त्यांनी ते माझ्यावर उलटवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी पोरगी रडली. मी तिला जवळ घेऊन कानडीतच समजावलं, "अळबेडव्वा," म्हणजे रडू नको गं. दारात हेडमास्तर उभे होते. मी आवाज खाली आणला नाही.