मला नाचता येत नाही

“तुम्हाला काय शिकवायचं? तुमच्या तर अंगातच असणार!”

नाच शिकवणाऱ्या ताई असं म्हणाल्या आणि समोरच्या मोठ्या आरशात सगळ्या हसल्या. मीही हसले. सवयीनं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

उलव्यातल्या आमच्या सोसायटीचं क्लबहाउस. शनिवारी मोठ्या बायकांसाठी कथकचा क्लास. नोटीस बोर्डावर लिहिलं होतं, काहीच येत नसलं तरी या. त्या एका वाक्यासाठी मी गेले. चाळिशी उलटलेली, बेलापूरला सरकारी कचेरीत क्लार्क, आणि घरी साधा ठेका धरायची चोरी. लहानपणी गाणं लागलं आणि माझा पाय हलला की आई मांडीला चिमटा काढायची. “पाय आवर.”

आई तमाशात नाचायची. मी झाले तेव्हा तिनं फड सोडला. इकडे आली, मार्केटात कांदे निवडले, मला शाळा-कॉलेज शिकवलं. फडाचं नाव घरात निघायचं नाही. बाहेर तर नाहीच.

पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं होतं, “गाव कुठलं?”

“साताऱ्याकडचं.”

“साताऱ्यात कुठं?”

हा दुसरा प्रश्न मी ओळखून आहे. पहिला गावासाठी असतो, दुसरा जातीसाठी. मी विषय बदलला. पण एकदा माझं पाऊल वाकडं पडत होतं, तर ताई खाली बसल्या, घोटा हातात धरून पाऊल सरळ ठेवलं. माझ्या पायाला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. मी विरघळले. क्लास सुटल्यावर त्यांना आईचं सांगून टाकलं. फक्त त्यांना. पुढच्या शनिवारी सगळ्या क्लासला माहीत होतं.

मग आला महिला दिनाचा कार्यक्रम. सगळ्यांची मिळून गणेशवंदना. मला एकटीला बाजूला काढलं.

“तुम्ही लावणी करा. शेवटी, जेवणाआधी. मग जेंट्सपण थांबतील.” पुन्हा हसणं. “आणि आईंचे घुंगरू असतीलच ना घरी? तेच बांधा. एकदम ऑथेंटिक वाटेल.”

“मला लावणी येत नाही,” मी म्हणाले.

“अहो, लाजताय काय!” सातव्या मजल्यावरच्या मॅडमनी मोबाइलवर गाणं लावलं. सगळ्यांनी गोल केला. मी मध्ये.

मला खरंच येत नव्हतं. पाय दगड झाले. एक हात वर नेला, तो तिथंच राहिला. त्या टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी म्हणालं, “मुद्दाम करतायत हं. नाटकी!”

माझं न येणंसुद्धा त्यांना खोटं वाटलं. त्या चुकल्या की ‘सो क्यूट’. मी चुकले की ढोंग. एकीनं मोबाइल उभा धरला होता. शूटिंग करत होती की नुसतीच बघत होती, कोण जाणे. तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी मोबाइल बघून हसलं की मला वाटतं, त्यात मीच आहे.

घरी आले. आई गुडघ्याला तेल चोळत होती. माझं तोंड बघून तिनं टीव्ही बंद केला. मी सगळं सांगितलं. ‘अंगातच असणार’ हेही. वाटलं, आता चिमटा बसणार.

“अंगात?” आई म्हणाली. “अंगात कुनाच्या आसतंय व्हय गं? पायावर छड्या खाऊन शिकलीया मी. चुकलं की मालकीन उपाशी झोपवायची. अंगात म्हनं!”

तिनं तेलाची वाटी फरशीवर आदळली.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मीही तेच मानत आले होते. आमच्या रक्तात काहीतरी आहे, ते दाबून ठेवायचं. ताई शिकल्या ती साधना. आई शिकली ते अंगातलं. तिचे कष्ट सगळ्यांनी मिळून पुसले होते, आणि त्या सगळ्यांत मीही होते. रात्रभर माझं डोकं तापलेलं होतं.

पुढच्या शनिवारी गेले. पहिल्या ओळीत, आरशासमोर उभी राहिले.

“अरे वा! लावणीची तयारी झाली?” ताई.

“लावणी करणार नाही. ती शिकताना माझ्या आईनं मार खाल्लाय. तुमच्या जेवणाआधीच्या करमणुकीसाठी नाही. मला ती येत नाही. कथकही येत नाही. शिकवा.”

“अहो, मी कौतुकानं म्हटलं होतं.”

“कौतुक नको. पाय चुकला तर सांगा.”

वंदनेत मला घेतलं नाही. ओळी आधीच ठरल्यात म्हणे. ठरल्या असतीलही. माझा विश्वास नाही. ताई आता माझ्या घोट्याला हात लावत नाहीत, लांबूनच सांगतात. सातव्या मजल्यावरच्या मॅडम मला बघून लिफ्टचं दार मिटायचं बटण घाईनं दाबतात. मी क्लास सोडलेला नाही. सोडणारही नाही.

घरी हॉलमध्ये सराव करते. आई खुर्चीत बसून बघते. पाय आवर म्हणत नाही. परवा खालच्या फ्लॅटमधून इंटरकॉम आला, “तुमच्याकडे काय चाललंय? आवाज येतोय.”

“नाच शिकतेय,” मी म्हणाले. “मला येत नाही. त्यामुळे रोज येणार आवाज.”

इंटरकॉम ठेवला आणि डावा पाय जोरात आपटला. चुकला. पुन्हा आपटला.