सभेत ओतलेला जवळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून झालं. हे आधीच सांगते, म्हणजे मी देशाच्या धोरणाबद्दल बोलायला लागले तर हसू नका. माझी सून एका संस्थेत कामाला आहे. हवामान बदलतंय त्यासाठी देशाचा आराखडा व्हायचाय, त्यात लोकांचं म्हणणं जावं म्हणून त्या संस्थेनं इथे पनवेलला सभा ठेवली. दिल्लीत काम करणारे एक मराठी साहेब येणार होते. आदल्या आठवड्यात सून मसुदा वाचत बसलेली आणि मी पापड लाटत ऐकत होते. शेती होती, जंगल होतं, वीज होती.

"आणि मासळी?" मी विचारलं.

तिनं पानं उलटसुलट केली. "बंदरं आहेत, आई."

"बंदर ताटात वाढता येतं का गं?"

तेव्हा मला आमची सुकी मासळी विकणारी, सुकटवाली आठवली. करंजा गावच्या किनाऱ्यावरची बाई. माझ्या लग्नापासून पावसाळ्याची बेगमी तिच्याकडचीच. बाजारात तिच्यासमोर नेरे गावाकडच्या डोंगरातल्या बायका बसलेल्या असतात, वीटभट्टीवर नाहीतर बिगारीवर जाणाऱ्या. त्यांच्यासाठी ती जवळा, म्हणजे उन्हात वाळवलेली बारीक कोळंबी, बाजूला ठेवते, तोही निवडून, वाळूचा कण नसलेला. मी एकदा म्हटलं, एवढी मेहनत कशाला? तर म्हणाली, "काकू, पावसात काम बंद झालं की यांच्या पोरांना दुसरं काय मिलतं?" मला तिचं कौतुक वाटतं ते तेव्हापासून.

मी तिला सभेचं सांगितलं. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला आणि तिनं वाळत घातलेला जवळा अख्खा भिजला. मग नेमकं सभेच्या दिवशी ऊन पडलं, तशा बाकीच्या बायका उरलेली मासळी उलटायला किनाऱ्यावरच थांबल्या. ही एकटी आली. डोक्यावर टोपली, वर गोणपाट.

हॉल एसीचा, दारं बंद. गोणपाट बाजूला झालं मात्र, पहिली रांग उठून मागे गेली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. सून माझ्याकडे बघतेय, आणि मी जमिनीकडे.

"अगं बाय, हे काय आणलंस? फोटो आणायचा ना!"

"फोटोला वास येतो का, काकू? धक्क्यावर माल ओतल्याबिगर लिलाव तरी सुरू व्हतो का?"

आणि तिनं खाली पेपर पसरून तो काळा पडलेला जवळा खरंच ओतला.

साहेब रुमालातूनच म्हणाले, "मावशी, नुकसानीचे अर्ज दुसरीकडे घेतात. इथे फक्त धोरणाची चर्चा आहे."

"तेच बोलतंय ना. शेतात पानी शिरलं तर तलाठी येतो, बगतो, लिवतो. पीक चार दिस पडून रातं, दिसतं. आमचा माल दोन दिसांत किडतो, फेकावा लागतो. मग बगनार कोन? म्हनून हितंच घेऊन आली." जरा थांबून म्हणाली, "आदी मी वारा बगून सांगायची, आज वालत घाला, उद्या नको. आता वारा फसवतो. माझं सोडा. पावसात त्या डोंगरातल्या बाया येतील, त्यांच्या पदरात काय घालू?"

साहेबांनी रुमाल खिशात घातला, खाली उतरले आणि चक्क तिच्यासमोर उकिडवे बसले.

"चांगला वाळला तर किती टिकतो?"

"पाऊसभर. फ्रीज नको, लाइट नको. नुसतं ऊन."

"लिहून घ्या," ते सुनेला म्हणाले. सुनेनं लिहिलं. आमची बाई म्हणाली, "वाचून दाखव गो."

सुनेनं वाचलं, "हवामान बदलाचा मत्स्यव्यवसायावर परिणाम."

"यात जवला कुटं हाय? आमी बाया कुटं हाव? खानारी मानसं कुटं गेली?"

सुनेनं ओळ खोडली आणि नव्यानं लिहिलं, सुकी मासळी, ती वाळवणाऱ्या बायका आणि तिच्यावर पावसाळा काढणारी घरं. मी तिचं अक्षर बघत होते. इतकं ठळक ती कधी लिहीत नाही.

साहेब खरं बोलणारे निघाले. "मावशी, मी हे नेतो. पण शेवटच्या कागदात राहीलच, असा शब्द देत नाही. त्याची बैठक वेगळी होते."

"ती कुटं आसतं?"

"दिल्लीला."

तिनं रिकामी टोपली काखेत धरली. "कंच्या म्हयन्यात? तितंबी असाच माल न्यायला लागंल ना."

सगळे हसले. ती हसली नाही. साहेबांच्या तोंडाकडे बघत, महिना ऐकायला उभी राहिली.